रिपोर्ट वाचा, वस्ती वाचू नका!

आमच्या वस्तीतले एक काका तीन वर्षांपूर्वी गेले. वय सत्तेचाळीस. कचऱ्याच्या गाडीवर ठेकेदाराकडे कामाला होते. आधी पाय सुजले, मग पोट फुगले, शेवटी रक्ताची उलटी झाली आणि खेळ संपला. अंत्ययात्रेत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, "दारूने गेला बिचारा." मीही तेच म्हणालो. इतकी वर्षे चळवळीत काढली, इतकी भाषणे ठोकली, पण ऐन वेळी तोंडातून निघाले ते हेच.

यंदा त्यांच्या मुलाने एका खासगी कंपनीच्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी दिली. पोरगा पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे पाचला मैदानावर हजर, सुपारीचे खांडही तोंडात न टाकणारा. रिपोर्ट आला. एसजीपीटी ११८, एसजीओटी ८६. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "काय रे, रोज किती घेतोस?"

"सर, मी पीत नाही."

"सगळे असंच सांगतात. राहतोस कुठे?"

पोराने वस्तीचे नाव सांगितले. डॉक्टर हसले आणि कागदावर लिहून मोकळे झाले: दारू पूर्ण बंद करावी.

पोरगा घाबरून नाही, चिडून माझ्याकडे आला. आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी दारूबद्दल विचारले, ते विचारायलाच हवे. पण उत्तर ऐकूनही घेतले आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात निघाले, हिपॅटायटिस बी. मग त्याच्या आईला तपासले. तीही पॉझिटिव्ह. मग घरातल्या पत्र्याच्या पेटीतून काकांची फाइल बाहेर काढली. सहा वर्षांत तीन वेळा लिव्हरची तपासणी झालेली. तिन्ही वेळा एसजीपीटी वाढलेले. तिन्ही कागदांवर एकच सल्ला, दारू बंद. हिपॅटायटिसची एकही तपासणी नाही. एकदाही नाही.

काकांना हिपॅटायटिस बी होता का? आता ते कधीच कळणार नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. कळून घ्यायची गरजच कुणाला वाटली नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले होते. ते रक्तातून काढलेले नव्हते, पत्त्यावरून काढलेले होते.

धूर दिसला म्हणून काय जळतेय ते कळत नाही

साथींनो, आधी ही एसजीपीटी-एसजीओटीची भानगड समजून घेऊ. आपल्याला काही कळत नाही असे समजूनच समोरचा आपल्याला गप्प करतो.

ही दोन एन्झाइम आहेत. नव्या भाषेत त्यांना एएलटी आणि एएसटी म्हणतात. ती पेशींच्या आत काम करतात. पेशीला इजा झाली की ती फुटून किंवा पाझरून रक्तात येतात आणि रिपोर्टमध्ये आकडा वाढतो. बहुतेक प्रयोगशाळा साधारण ४० पर्यंतचा आकडा सामान्य धरतात. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. म्हणजे हा आकडा फक्त एवढेच सांगतो की पेशींना काहीतरी त्रास होतो आहे. कशाने होतो आहे, ते सांगत नाही. धूर दिसला म्हणजे काहीतरी जळते आहे हे नक्की. पण चूल पेटली आहे की घर, हे आत जाऊन पाहावे लागते.

दारूने हे आकडे वाढतात का? वाढतात. पण दारूचीही एक ओळख असते. दारूमुळे झालेल्या इजेत बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असते, अनेकदा दुपटीहून जास्त. जीजीटी नावाचे आणखी एक एन्झाइम वाढलेले असते. आकडे सहसा तीन-चारशेच्या पुढे जात नाहीत. हजारांत गेले तर डॉक्टरने तीव्र व्हायरल काविळीचा, औषधाच्या विषबाधेचा किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा तुटल्याचा विचार करायचा असतो. आता आमच्या पोराचा रिपोर्ट पुन्हा पाहा. एसजीपीटी ११८, एसजीओटी ८६. उलटा क्रम! एवढ्यावरून दारू नाहीच असे ठामपणे म्हणता येत नाही, हे खरे. पण दारूच आहे असे तर अजिबात म्हणता येत नाही. ज्याला पुस्तक आठवत होते, त्याने थबकायला हवे होते. तो थबकला नाही, कारण त्याने आकडे वाचलेच नाहीत. त्याने वस्ती वाचली.

कारणांची यादी आणि तिच्यातली जात

आता वाढलेल्या एन्झाइमची कारणे एकेक करून पाहू. आजाराला जात नसते, असे सांगतात. मान्य. पण आजारापर्यंत नेणाऱ्या रस्त्याला जात असते.

पहिले कारण, रक्तातून पसरणारे हिपॅटायटिस बी आणि सी. दूषित सुई, दुसऱ्याचा वस्तरा, असुरक्षित शरीरसंबंध, आणि आईकडून बाळाला. मोठ्या वयात हिपॅटायटिस बी झाला तर बहुसंख्य लोकांचे शरीर तो परतवून लावते. पण जन्मताना झाला तर दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षे काहीही दुखत नाही, आणि आतून लिव्हर सिऱ्होसिसकडे किंवा कॅन्सरकडे सरकत राहते. याची लस आहे. आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २००२ नंतर टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर पोहोचायला २०११ उजाडले. म्हणजे आज चळवळीत धावणारी, पंचविशी-तिशीतली आपली बहुतेक पोरे या लसीच्या आधीची आहेत.

कचऱ्यातली सुई कुणाच्या हाताला टोचते, हे वेगळे सांगायला हवे का? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिले आहे की असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, आणि कामावर घेताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करावी. नियमात डॉक्टर, नर्स आणि कचरा उचलणारा हे सगळे आले. प्रत्यक्षात लस डॉक्टरच्या दंडापर्यंत पोहोचते आणि ठेकेदाराच्या माणसाच्या दंडापर्यंत पोहोचता पोहोचता आटते. आणि घराघरांतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात फेकलेल्या इन्सुलिनच्या सुया उचलणाऱ्याची तर कुणी गणतीच करत नाही.

दुसरे कारण, पाणी. हिपॅटायटिस ए आणि ई हे मैला मिसळलेल्या पाण्यातून येतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पाण्यात नाल्याचा मैला शिरला आणि तेच पाणी नळाला आले. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर तपासले, आणि हा हिपॅटायटिस ए नव्हे, वेगळाच विषाणू आहे, हे १९८० मध्ये जगापुढे आले. त्यालाच आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हा झाला तर जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो. आपल्या राज्यात २०१२ मध्ये इचलकरंजीने हेच भोगले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याला शिवण्याचा होता. आज नळ वस्तीत आला, पण त्याची पाइप गटारातून आली. हक्क मिळाला, शुद्धता राहिली.

तिसरे, गटार. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर तो सगळ्यांना माहीत झाला. त्याआधीही गटारात उतरणाऱ्यांना तो होतच होता, पण तेव्हा ती बातमी नव्हती. यात डोळे हळदीसारखे पिवळे होतात, एन्झाइम मात्र त्या मानाने कमीच वाढतात. अशा माणसाच्या तोंडाला वास आला की निदान संपते. तो गटारात उतरण्याआधी का प्यायला होता, हे कुणी विचारत नाही. ती दुर्गंधी शुद्धीत राहून सहन करून दाखवा, मग बोला.

चौथे, औषधे. टीबीच्या उपचारातली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला इजा करू शकतात. टीबी कोंदट खोल्यांत आणि कमी जेवणाऱ्या शरीरांत फोफावतो. त्या खोल्या कुणाच्या, ते आपण जाणतो. औषधे चालू असताना मळमळ, उलट्या, भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मनाने औषध बंद करू नका आणि दुर्लक्षही करू नका. अंगदुखीवर पॅरासिटामॉलच्या गोळ्या मूठभर खाणारेही आपल्यात कमी नाहीत. तिचा जादा डोस लिव्हर निकामी करतो.

पाचवे, ज्याला आपण औषध समजतो ते. काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ उतरवणे", डाग देणे, आणि कसलाही पत्ता नसलेली पुडी. माळेने काविळीचे काही होत नाही. वाया जातात ते उपचाराचे दिवस. पुडीत काय असते ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. आपण बुद्धाच्या वाटेने जाणारे लोक. परंपरा आहे म्हणून मानायचे नाही आणि मंत्रालय म्हणते म्हणूनही मानायचे नाही, पुरावा पाहायचा.

सहावे, मेहनत. एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसते, स्नायूंत आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. जोरात धावले, वजने उचलली, दिवसभर हमाली केली, तर काही दिवस एसजीओटी आणि थोडे एसजीपीटीही वाढलेले दिसू शकते. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी रक्त देण्याआधी काही दिवस कसून व्यायाम टाळावा आणि शंका असल्यास सीपीके तपासून घ्यावे. जिममधल्या स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शने मात्र खरोखर लिव्हर बिघडवतात, त्यांच्या नादी लागू नका. विदर्भातल्या आपल्या बांधवांसाठी आणखी एक. आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेल बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळसर दिसतात आणि एसजीओटी वाढते. पिवळे डोळे पाहून पिण्याचा शिक्का बसलेली किती पोरे मुळात सिकलसेलची असतील?

सातवे, आणि आजकाल सगळीकडे दिसणारे कारण म्हणजे फॅटी लिव्हर. मधुमेह, वाढलेले पोट, गोड पेये, बैठे काम. हे न पिणाऱ्यांनाही होते आणि वरून बारीक दिसणाऱ्यांनाही होते. गंमत पाहा. बंगल्यातल्या साहेबाचे एसजीपीटी वाढले की ते "लाइफस्टाइल" असते. आमचे वाढले की ते "व्यसन" असते. एन्झाइम तेच, आकडा तोच, फक्त पिनकोड वेगळा!

याशिवाय थायरॉइडचे बिघाड, शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तो ऑटोइम्यून हिपॅटायटिस, शरीरात तांबे साठवणारा विल्सन आजार, अशी आणखीही कारणे आहेत. एवढी सगळी दारे असताना एकाच दारावर टकटक करून परत फिरायचे, याला निदान म्हणत नाहीत. याला पूर्वग्रह म्हणतात.

"मग काय, दारूचे समर्थन करता?"

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. दारूने आपल्या किती घरांची राखरांगोळी केली, हे मला कुणी शिकवू नये. काका पीत होते. ते मी लपवत नाही. दारूने त्यांच्या लिव्हरचे नुकसान केलेच असणार.

पण नीट ऐका. ज्याला हिपॅटायटिस बी किंवा सी आहे आणि जो पितो, त्याचे लिव्हर कितीतरी लवकर खराब होते. म्हणजे पिणाऱ्या माणसाची तपासणी आधी व्हायला हवी, अधिक काळजीने व्हायला हवी. इथे उलटे घडते. पितो ना, मग तपासायचे कशाला? दारू हे तपासणी टाळण्याचे निमित्त झाले. दारूविरोध ही आपली शिस्त आहे. ती दुसऱ्याच्या हातातली काठी होऊ द्यायची नाही.

दुसरे म्हणतील, सरकारी दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरला दोन मिनिटे मिळतात. खरे आहे. पण त्या दोन मिनिटांत प्रवचन द्यायला वेळ होता. हिपॅटायटिस बीची प्राथमिक तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्याखाली बी आणि सीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी मुळातून जात नाही, पण गरज असलेल्यांना रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहतो. कमतरता वेळेची नव्हती. समोरचा माणूस तपासण्याच्या लायकीचा वाटण्याची होती.

आता आपल्याकडे बोट

व्यवस्थेला शिव्या देऊन झाल्या. आता आरसा. पोराचा रिपोर्ट कळल्यावर त्याच्या सख्ख्या मावशीने त्याचे ताट वेगळे केले. पेला वेगळा केला. आपल्या घरात! ज्यांच्या आजोबांना चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी मिळत होती, त्यांच्या नातीने ताट वेगळे काढले. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. वस्तरा, ब्रश, सुई वेगळी ठेवा, घरातल्यांना तपासून लस द्या, बस. अज्ञानाच्या नावाखाली नवी अस्पृश्यता घरात आणू नका. ती कंपनीही पोराला पुन्हा बोलवायला तयार नाही. बाहेरचे दार बंद होत असताना आतले तरी उघडे ठेवा.

मग करायचे काय? भाषण पुरे, काम सांगतो.

एक, एसजीपीटी वाढलेले असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा: "एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही केले का? सोनोग्राफी लागेल का? साखर पाहिली का? मी घेत असलेल्या औषधांनी हे होऊ शकते का?" दारू घेत असाल तर खरे सांगा, खोटे बोललात तर नुकसान तुमचेच. आणि कुणी "अरे-तुरे" केले तर तुम्ही "अहो" म्हणूनच बोला, पण प्रश्न सोडू नका.

दोन, भीमजयंतीला रक्तदान करतोच. त्याच मंडपात सरकारी यंत्रणेला बोलावून हिपॅटायटिस बीची तपासणी लावा. लस न घेतलेल्यांना लसीचे तीन डोस पूर्ण करायला लावा. ते सहा महिन्यांत संपतात. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात अख्खी गल्ली सुरक्षित होते. हातावर "जय भीम" जरूर गोंदवा, पण सुई आपल्यासमोर पाकिटातून काढलेली हवी.

तीन, वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का ते पाहा, आणि बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत लस मिळाली का ते विचारा. हे काम महिला मंडळांइतके चांगले कुणी करू शकत नाही.

चार, माहितीच्या अधिकारात आपल्या महापालिकेला आणि रुग्णालयांना अर्ज टाका: कचरा हाताळणाऱ्या किती कामगारांना हिपॅटायटिस बीची लस दिली? ठेकेदाराचे किती? शेवटची आरोग्य तपासणी कोणत्या तारखेला झाली? उत्तर येईल तेव्हा येईल, पण प्रश्न फाइलला लागेल.

काकांच्या फाइलमध्ये प्रश्नच नव्हता, फक्त उत्तर होते. ते उत्तर तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिले होते, आणि चौथ्या वेळी, स्मशानाच्या वाटेवर, मी ते तोंडाने उच्चारले. त्याची लाज मला अजून आहे, म्हणून हे लिहिले. पोराचे उपचार आणि तपासण्या सुरू आहेत. पहाटे पाचला तो अजूनही मैदानावर असतो.

पुढच्या वेळी वस्तीत कुणाचे पोट फुगले, डोळे पिवळे झाले, तर "दारू" म्हणण्याआधी विचारा, "तपासले का?"

जय भीम! जय संविधान!